घोडा ओढतो म्हणून बिट बदलू का?

पत्राचा गोषवारा: पुण्याजवळ राहणाऱ्या, पंचविशीतल्या एका मैत्रिणीने शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड घोडा घेतला आहे. घोडा पाच वर्षांचा, खच्ची केलेला, स्वभावाने गरीब. एका सांध्याचं लूज रिंग स्नॅफल, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या कड्यांचं साधं बिट (बिट म्हणजे लगाम जोडलेला तोंडातला दांडा) घालून तो सपाटीवर छान चालतो, दुडकीत हातात हलका असतो. पण ८० सेंटिमीटरच्या अडथळ्यांचा कोर्स सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या उडीपासून डोकं वर काढून अडथळ्यावर धावतो आणि उडीनंतर जमिनीवर उतरल्यावर डावीकडे ओढत नेतो. एकदा ती पडलीही. प्रशिक्षक म्हणतात डच गॅग (लगाम खालच्या कडीला लावायचं कडक बिट) घाल, क्लबमधला एक अनुभवी स्वार म्हणतो पेलहॅम (दोन लगामांचं, हनुवटीखाली साखळी असलेलं बिट) घाल, तिची एक मैत्रीण म्हणते फ्लॅश (तोंड मिटलेलं ठेवणारा पट्टा) आवळ. फ्लॅश आवळून पाहिला. दोन दिवस बरं वाटलं, मग आणखी बिघडलं. दोन महिन्यांनी स्पर्धा आहे. ती विचारते, ‘ताई, नेमकं कोणतं बिट घेऊ? कडक घातलं तर त्याचं तोंड खराब होईल, नाही घातलं तर मी पुन्हा पडेन.’

प्रिय मैत्रिणी,

तू बिटाचं नाव विचारलंस, ते आधी सांगते. दोन सांध्यांचं, मधे गुळगुळीत लोझेंज (छोटा दुवा) असलेलं एगबट किंवा डी-रिंग, म्हणजे स्थिर कड्यांचं स्नॅफल घे, जाडी १४ ते १६ मिलिमीटर. डच गॅग घेऊ नकोस. पेलहॅमविषयी पुढे बोलू, कारण ते सरसकट वाईट नाही. मात्र नवं बिट घालून तू येत्या रविवारी पुन्हा ८० सेंटिमीटरच्या कोर्सला गेलीस, तर चौथ्या अडथळ्यानंतर हेच होईल असं मला वाटतं. त्याची कारणं तुझ्या पत्रातच आहेत.

‘उड्यांच्या वेळी तो फार ताकदवान होतो’ असं तू लिहिलं आहेस. सगळे असंच म्हणतात, आणि हाच शब्द आपल्याला कडक बिटाकडे घेऊन जातो. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी दुडकीतही तुझ्यापेक्षा कितीतरी ताकदवान असतो. अडथळा दिसला म्हणून त्याची ताकद वाढत नाही. ज्या शांतपणातून तो एरवी तुझं ऐकतो, तो शांतपणा तिथे संपतो. तेव्हा त्याला कशाने थांबवू, यापेक्षा तो तिसऱ्या-चौथ्या उडीलाच का धावू लागतो, हे आधी शोधायला हवं. पहिल्या दोन उड्या तो नीट घेतो, हे तुझ्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे. म्हणजे त्याला उडी येते आणि थांबणंही कळतं. उडीगणिक त्याच्या मनात काहीतरी साचत जातं.

त्याचं शिक्षण कसं झालं असेल ते बघ. शर्यतीचा घोडा साधारण दोन वर्षांचा असताना पळू लागतो. पुण्यात पावसाळ्यातला मोसम, मग हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. सकाळच्या सरावात स्वार रिकिबी आखूड करून उभा असतो, दोन्ही लगाम एकमेकांवर घेऊन मानेवर टेकवतो आणि घोडा त्या पकडीवर रेलून पळतो. पकड घट्ट असते तोवर पळायचं, लगाम ढिला पडला की काम संपलं, हे तो रोज शिकतो. आता तू त्याच्या पाठीवर आहेस. अडथळा समोर आला की तू अर्धी उभी राहतेस, वजन पुढे नेतेस आणि भीतीने लगाम घट्ट धरतेस. त्याच्या लेखी हे ओळखीचं आहे. तू ओढतेस तेव्हा तो आज्ञा मोडत नसतो, लहानपणी शिकवलेली आज्ञा पाळत असतो. अशा घोड्याच्या तोंडात जास्त जोराचं बिट घातलं, तर काही दिवस तो दचकून थबकेल. मग त्या बिटावरही रेलायला शिकेल आणि तुला त्याहून कडक बिट शोधावं लागेल. फ्लॅश आवळल्यावर जे दोन दिवसांत घडलं, तेच गॅग घातल्यावर दोन महिन्यांत घडेल.

डच गॅगला माझा विरोध त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे आहे. लगाम खालच्या कडीला लावला की ओढताना तोंडातला दांडा ओठांच्या कोपऱ्यांकडे वर सरकतो आणि त्याच वेळी गालपट्ट्या कानामागचा माथा खाली दाबतात. तोंड सांगतं डोकं वर घे, माथा सांगतो खाली घे. मुरलेल्या घोड्याला आणि हलक्या हाताच्या स्वाराला यातून काही साधता येतं. आधीच गोंधळलेल्या पाच वर्षांच्या घोड्याला नाही. शिवाय तू हात सैल केल्यावर गॅग क्षणभर उशिरा जागेवर येतं. घोडा शिकतो तो सैल सोडण्याच्या क्षणातून. तो क्षण उशिरा आला, तर आपण नेमकं काय बरोबर केलं हे त्याला कळतच नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. कपाळाच्या अगदी समोरचा आणि नाकाखालचा थोडा भाग त्याला दिसत नाही. अडथळा जवळ आला की तो नीट पाहण्यासाठी डोकं उचलतो. तू ज्याला ‘डोकं वर काढून धावतो’ म्हणतेस, त्यातला काही भाग निव्वळ पाहणं असू शकतो. त्याच क्षणी डोकं खाली ओढलं गेलं, तर त्याला जवळजवळ अंदाजाने उडावं लागतं. न दिसणाऱ्या गोष्टीवरून उडायला लागणारा घोडा घाई करतो, कारण घाईने ते एकदाचं संपतं. अडथळ्यावर धावणाऱ्या घोड्यांना आपण धीट म्हणतो, पण त्यांतले पुष्कळ घाबरलेले असतात.

आता त्याचं तोंड. चार ते पाच वर्षांच्या वयात नर घोड्यांना सुळे येतात, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास दुधाचे दात जाऊन कायमचे दात पूर्ण होतात. म्हणजे त्याचं तोंड आत्ता-आत्तापर्यंत बदलत होतं. दाढांच्या पुढे बारीक ‘वुल्फ टूथ’ राहिला असेल तर बिट त्यावर आपटतं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या असतील तर आवळलेला नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, गालाचं आतलं कातडं त्या धारेवर दाबून धरतो. म्हणून फ्लॅश आजच काढून ठेव. साधा नोजबँड नाकाच्या हाडावर मधोमध दोन बोटं सहज जातील इतका सैल हवा. हा नियम जुनाच आहे, पण आवळण्याची खोड इतकी पसरली, की २०२५पासून आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने नोजबँडखालची जागा मोजण्याचं उपकरण स्पर्धांमध्ये आणलं. तोंड बांधून ठेवलं की घोड्याची तक्रार दिसेनाशी होते, दुखणं तसंच राहतं.

घोड्यांचे दात तपासणारा पशुवैद्य बोलाव, दात कानशीने घासायचे असतील तर घासून घे. त्याच भेटीत पाठ आणि मागचे पाय दाखव. उतरल्यावर तो नेहमी डावीकडेच जातो, हे मला खटकतं. तोंडात एका बाजूला लागत असेल, एखादा पाय उतरताना दुखत असेल, खोगीर एका खांद्यावर चढत असेल, किंवा रिंगणाचं फाटक डाव्या हाताला असेल आणि त्याला पागेत जायचं असेल. शेवटची शक्यता तपासणं सोपं आहे: पशुवैद्य तपासून गेल्यावर, उड्या पुन्हा सुरू झाल्या की एक दिवस तोच अडथळा उलट दिशेने घे. फाटकाची बाजू बदलल्यावर ओढही बदलली, तर दुखण्याची शंका कमी होते. बाजू बदलूनही तो डावीकडेच गेला, तर पशुवैद्याला हे आवर्जून कळव. जीभ बिटावरून वर काढतो का, हेही बघ. शर्यतीत काही घोड्यांची जीभ बांधतात, आणि अशा घोड्यांपैकी काहींना पुढे बिटाखाली जीभ ठेवायला आवडत नाही.

दोन सांध्यांचं बिट मी यासाठी सुचवलं, की एका सांध्याचं बिट दोन्ही लगाम एकदम ओढल्यावर मधे दुमडतं, जिभेला चिमटतं आणि सांधा टाळ्याकडे जाऊ शकतो. मधे लोझेंज असला की दाब जिभेवर पसरतो. एगबट किंवा डी-रिंग यासाठी, की लूज रिंग तोंडात सतत हलते, आणि रेलायची सवय असलेल्या गोंधळलेल्या घोड्याला स्थिर बिट बरं पडतं. डी-रिंगची सरळ बाजू गालाला टेकते, त्यामुळे वळवतानाही मदत होते. जाड बिट म्हणजे मऊ बिट, हा समज मात्र सोड. १९८०च्या दशकात हलत्या क्ष-किरण चित्रांतून घोड्याच्या तोंडात बिट कसं बसतं ते पाहिलं गेलं. तोंडात वेगळी मोकळी जागा अशी फारशी नसते, जीभच ती भरते. थरोब्रेडच्या अरुंद तोंडात २० मिलिमीटरचा दांडा अडगळ होतो. रुंदी मोजताना ओठांच्या दोन्ही बाजूंना तीन ते पाच मिलिमीटर मोकळे राहिले की पुरे. कानपूरहून उत्तम सामानही येतं आणि स्वस्त ओतकामही. विकत घेण्याआधी सांध्यावरून, कडीच्या भोकावरून बोट फिरव. बोटाला जे टोचेल ते त्याच्या ओठाला रोज टोचणार आहे.

लग्नाच्या वरातीतल्या घोड्यांच्या तोंडात अजूनही काटेरी लगाम दिसतात, म्हणून जाता जाता सांगते. जनावराला आवरण्यासाठी काटे असलेला लगाम वापरण्यास १९६५च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. कुणी ‘एकदा घालून बघ, सरळ होईल’ म्हणालं, तर तिथून निघून ये.

खाणं आणि पागा याबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस. शर्यतीतून आलेला घोडा दिवसभर खोलीत उभा आणि पोटात हरभरा-ओटचा शर्यतीच्या काळातला खुराक, असं चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं. पावसाने रिंगणात चिखल झाला की चार दिवस काम बंद, आणि पाचव्या दिवशी थेट उड्या. दाणा कामाच्या मानाने कमी कर, सुकं गवत वाढव, लसूणघास बेताने दे, रोज थोडा वेळ तरी मोकळं सोड किंवा मोतद्दाराला हाताने फिरवायला सांग. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण फार आढळतात. तंग कसताना तो चावायला येत असेल किंवा कान पाडत असेल, तर पशुवैद्याला तेही सांग.

मग तुझे हात. हे तुला लागेल, तरी लिहिते, कारण तूच ते बदलू शकतेस. पडल्यानंतर कुणीही लगामाला लटकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले घोडदळाचे स्वार अडथळ्यावर मागे रेलून लगाम धरत असत. फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन अधिकाऱ्याने पुढे झुकलेली बैठक रूढ केली आणि उडताना घोड्याचं डोकं-मान मोकळी सोडायला शिकवलं. आज आपण जे काही उड्या मारणं शिकतो, त्याचा पाया तोच आहे. घोड्याच्या गळ्यात एक जुना रिकिबीचा पट्टा बांध. तोल गेला की पट्टा धर, लगाम नाही. त्याच्या तोंडाला एकही झटका न बसता उडी पार पडते, हे त्याला पुन्हा पुन्हा कळू दे. ते कळेपर्यंत तो तुझ्या हातापासून पळतच राहील.

काम कसं करायचं? पहिले दोन-तीन आठवडे उभा अडथळाच नको. जमिनीवर तीन दांडे एकमेकांपासून सुमारे तीन मीटरवर ठेव आणि कँटरमध्ये, म्हणजे संथ चौखूर चालीत, त्यांवरून जा. त्याची पावलं मोठी असतील तर अंतर थोडं वाढव. जमिनीवर कुणी तरी जाणतं माणूस उभं असू दे. दांडे ओलांडले की सरळ रेषेतच थांबायचं. थांबवताना आधी तू खोल बस, श्वास सोड, आवाजाने सांग, मग लगाम घे. तो अर्धा पाऊल जरी मंदावला, तरी त्याच क्षणी हात सैल कर. पुन्हा घे, पुन्हा सोड. सतत धरून ठेवलेल्या लगामातून तो फक्त रेलायला शिकतो. सरळ रेषेत थांबणं दहापैकी आठ वेळा सहज जमू लागेल, तेव्हा पुढे जा.

मग एक छोटा क्रॉस (फुलीसारखे लावलेले दोन दांडे), ४०-५० सेंटिमीटरचा, त्याच्या आधी अडीच मीटरवर जमिनीवर एक दांडा. दुडकीत ये. दांडा त्याला उडीची जागा दाखवतो, त्यामुळे तुला काहीच करावं लागत नाही. तुझ्यासारख्या स्वारासाठी ‘काहीच न करणं’ हाच सराव आहे. उडी पार झाली की वीस मीटरचं वर्तुळ, वर्तुळात दुडकी, मग पुन्हा. सलग उड्या नकोत. तो धावला तर शिक्षा नको. दांड्यांवर परत जा, शांत झाला की एक क्रॉस घे आणि घोड्यावरून उतर. क्रॉस कंटाळवाणा वाटेपर्यंत हे झालं, की त्यापुढे साडेपाच मीटरवर ५० सेंटिमीटरचा उभा अडथळा लाव, म्हणजे मधे एक पाऊल. अशा रांगेत अंतरंच घोड्याला आवरतात आणि तुझे हात मोकळे राहतात. आठवड्यातून दोनच दिवस उड्या, बाकीचे दिवस सपाटीचं काम आणि निवांत रपेट. सपाटीच्या कामाला कमी लेखू नकोस. भारताने २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अश्वारोहणातलं सांघिक सुवर्ण मिळवलं ते ड्रेसाजमध्ये, म्हणजे याच कामाच्या जोरावर.

मधेच तो पळालाच तर? दोन्ही लगाम ओढून मागे रेलू नकोस. एक हात मानेवर घट्ट टेकव, दुसऱ्या लगामाने घे-सोड, घे-सोड कर आणि जागा असेल तसं मोठं वर्तुळ धर. वेगात एकदम छोटा वळसा घेतला तर, विशेषतः ओल्या मैदानावर, तो घसरून तुझ्यावर पडू शकतो.

आता पेलहॅम. वरचं सगळं झालं, पशुवैद्याने हिरवा कंदील दिला, रांगेत तो शांत आहे, पण मोकळ्या मैदानात कोर्सच्या मध्यावर अजूनही वाहवतो, अशी स्थिती आली तर मी पेलहॅमला हरकत घेणार नाही. सरळ किंवा किंचित वाकलेला दांडा, आखूड बाहू (दांड्याच्या टोकांना असलेल्या उभ्या पट्ट्या) आणि दोन लगाम. वरचा लगाम स्नॅफलसारखा काम करतो, तोच हातात असतो. खालचा ढिला, फक्त गरजेच्या क्षणी घेऊन लगेच सोडायचा. साखळी सपाट, हनुवटीच्या खोबणीत, बाहू साधारण ४५ अंश मागे येईल तेव्हाच लागेल इतकी सैल. दोन लगाम सांभाळायचा कंटाळा म्हणून मधे पट्टी लावून एकच लगाम करतात, ते नको. तसं केलं की दोन्ही दाब कायम एकत्र येतात आणि सोडायला काही उरत नाही. आधी सपाटीवर वापर, उड्यांना नंतर. तोल लगामावर अवलंबून असेल तोवर मात्र पेलहॅम नकोच, कारण त्याच्या बाहूमुळे तुझा प्रत्येक झटका त्याच्या जबड्यावर वाढून पोहोचेल. बिट नसलेल्या लोखंडी बाहूंच्या हॅकामोरलाही हेच लागू, तिथे दाब नाकाच्या नाजूक हाडावर येतो.

ज्या वाचकांचा घोडा शर्यतीतला नाही, घरी वाढवलेला मारवाडी किंवा मुलांचा पोनी आहे, त्यांनीही क्रम हाच ठेवावा: आधी दात, पाठ आणि खोगीर, मग खाणं, मग हात आणि सराव, शेवटी बिट. पोनी ओढतो तेव्हा बहुतेकदा त्याला गवत किंवा घर खुणावत असतं. मुलाच्या हातात कडक बिट देण्यापेक्षा मोठ्या माणसाने काही दिवस तो पोनी चालवावा.

राहिले प्रशिक्षक आणि स्पर्धा. सरांना वाईट वाटेल म्हणून तू गॅग घालशील, ही भीती मला पत्र वाचताना वाटली. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ‘सर, आधी दात तपासून घेते आणि सहा आठवडे दांड्यांवर काम करते, तुम्ही जमिनीवर उभे राहून अंतरं लावाल का?’ असं विचार. घोड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला कामाची विनंती केलेली आवडते. दोन महिन्यांनी स्पर्धेला त्याला जरूर ने, पण ५०-६० सेंटिमीटरच्या वर्गात, किंवा नुसतं वॉर्म-अपच्या मैदानात फिरवून परत आण. गर्दी, लाउडस्पीकर, दुसरे घोडे यांतून तो शांत फिरला, तर माझ्या मते ती स्पर्धा तू जिंकलीस.

आणि तीन महिने मनापासून करूनही तो मोकळ्या मैदानात तुला धोकादायक वाटत राहिला, तर अनुभवी, हलक्या हाताच्या स्वाराकडे त्याला काही काळ दे. त्या काळात तू एखाद्या मुरलेल्या, वयस्कर घोड्यावर आपला तोल पक्का कर. पण पशुवैद्याला फोन मात्र आजच कर, आणि तो येऊन जाईपर्यंत एकही उडी नको.